मैदानाबाहेरचे पैलवान

कुस्ती कुणी मारली, कोणत्या डावावर मारली आणि किती मिनिटांत मारली, हे दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येते. कुस्ती कुणी पाहिली याबद्दल मात्र एकच ठरलेले वाक्य असते, ‘मैदान कुस्तीशौकिनांनी तुडुंब भरले होते.’ महाविद्यालयीन स्पर्धेच्या बातमीत तर तेवढेही नसते. तिथे वजनगट, खेळाडूचे नाव, महाविद्यालयाचे नाव आणि शेवटी प्राचार्य व क्रीडा संचालकांनी केलेले अभिनंदन! आजचा लेख त्या राहून गेलेल्या वाक्याबद्दल आहे. कुस्ती पाहणाऱ्यांबद्दल, त्यांच्या आरोळ्यांबद्दल आणि हा शौकीन महाविद्यालयाच्या मॅटपर्यंत का पोहोचत नाही, याबद्दल.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. माहेर अनगोळचे. आमच्या वेळच्या मुलींनी कुस्तीचे मैदान ऐकले, पाहिले नाही. वडील आणि भाऊ डोक्याला रुमाल बांधून मैदानाला जायचे आणि आम्ही मायलेकी घरातून हलगी ऐकायचो. हलगी संथ असली की जोड अजून एकमेकांना चाचपते आहे. ठेका वाढला की कुणीतरी कब्जा घेतला. मग एकदम मोठा गलका उठला तर कुस्ती झाली, आणि ‘अर्रर्र’ असा लांब सूर आला तर हातात आलेला डाव सुटला. आई भाकरी थापता थापता म्हणायची, “सुटला वाटतं गं.” संध्याकाळी वडील येऊन सांगायचे, तेव्हा तिचा अंदाज बहुतेक वेळा खरा निघायचा. पुढे जिमखाना समितीवर आले, मुलींच्या कुस्ती संघाबरोबर स्पर्धांना जाऊ लागले आणि जे कानांनी ओळखत होते ते डोळ्यांनी पाहू लागले.

शौकीन कुणाला म्हणायचे?

क्रिकेटचा चाहता खेळाडूचा असतो. कुस्तीचा शौकीन डावाचा असतो. आपल्या गावचा पैलवान नुसताच मान धरून ढकलाढकली करू लागला तर त्यालाही हा शौकीन ऐकवतो, आणि परगावच्या पोराने स्वच्छ ढाक लावली तर आपलाच माणूस खाली पडलेला असूनही ‘शाब्बास’ म्हणतो. घिस्सा कुठला, एकचाक कुठला, पट निघाला की पाय नुसताच हातात आला, हे त्याला कळते. मोळी बांधली गेली की तो घड्याळ पाहत नाही, खालच्या पैलवानाचा खांदा पाहतो.

ही जाण पुस्तकातून येत नाही. ती बसण्याच्या जागेवरून येते. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले. १९१२ साली तिथे इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती झाली. हा इमामबक्ष म्हणजे जगप्रसिद्ध गामा पैलवानाचा भाऊ. मधोमध हौदा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली मातीची उतरण. शेवटच्या माणसालाही पैलवानाच्या पायाचा अंगठा दिसला पाहिजे, अशी ती रचना. राजाने पैलवान पोसले हे आपण नेहमी सांगतो. त्याच राजाने पाहणाऱ्याचीही सोय पाहिली, हे सांगायचे राहून जाते.

आपल्याकडे आनंदवाडीच्या आखाड्यात किंवा येळ्ळूरच्या यात्रेत बसलेला म्हातारा माणूस शेजारच्या नातवाला एकेक डाव नावानिशी सांगत असतो. हीच ती शाळा. लाल मातीत ताक, तेल, हळद घालून हौदा तयार होतो, तसा शौकीनही वर्षानुवर्षे मळला जातो. आणि तो फुकट ओरडत नाही. चटकदार कुस्ती केलेला पैलवान मैदानाला फेरी मारतो तेव्हा त्याच्या हातात नोटा पडतात. दहा रुपयांची असो वा पाचशेची, ती पाहणाऱ्याने दिलेली पावती असते. कित्येकदा हरलेल्यालाही ती मिळते.

आरोळीला भाषा कोणती?

माझे सासर बैलहोंगलकडचे, कानडी बोलणारे. मुलांना एकीकडे आजोबा आहेत आणि दुसरीकडे अज्जा. लग्नानंतर पहिल्यांदा सासरच्या मैदानाची जाहिरात वाचली तेव्हा मला हसू आले. ‘जंगी निकाली कुस्ती’ असे कानडी अक्षरांत छापले होते! आपल्याकडेही जंगी मैदान आणि निकाली कुस्तीच. पैलवान तोच, आखाडा तोच, हलगी तीच, वस्ताद तोच. म्हैसूरकडे तालमीला ‘गरडी मने’ म्हणतात, पण दसऱ्यातल्या कुस्त्यांना तिथेही असाच लोटणारा जनसमुदाय असतो.

आरोळ्या तेवढ्या निराळ्या. आपल्याकडचा ओरडतो, “धर, सोडू नको!” पलीकडचा ओरडतो, “हिडी, बिडब्याड!” अर्थ एकच. “उचल” आणि “एत्त” एकाच क्षणी उठतात. कारण तो क्षण भाषा ठरवत नाही, खालच्या पैलवानाची कंबर ठरवते. “भाळ छलो” म्हणणाऱ्याला “लई भारी” म्हणणारा मान डोलावून दाद देतो.

श्रीपती खंचनाळे यांचेच पाहा. गाव चिकोडी तालुक्यातले एकसंबा, कसदार झाले ते कोल्हापूरच्या मातीत. १९५९ साली दिल्लीत पहिल्या ‘हिंद केसरी’चा मान त्यांनी मिळवला. २०२० च्या डिसेंबरात ते गेले तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंच्या जुन्या शौकिनांनी ‘आपला’ पैलवान गेला म्हणून हळहळ व्यक्त केली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने गावे वाटली गेली, पण खंचनाळे कुणालाही वाटून घेता आले नाहीत.

महाविद्यालयीन कुस्तीत मात्र ही रेषा वेगळ्या तऱ्हेने आडवी येते. निपाणीला लागूनच असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्यात येते आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. बेळगावची महाविद्यालये पूर्वी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे होती, २०१० नंतर राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे आली. म्हणजे निपाणीतली दोन शेजारची मुले एकाच तालमीत घाम गाळतील, पण एक अर्जुननगरला आणि दुसरा बेळगावला शिकत असेल, तर आपापल्या विद्यापीठाच्या स्पर्धेत दोघे एकमेकांसमोर येणारच नाहीत. त्यांची गाठ पडायची तर आंतरविद्यापीठ स्पर्धेत, नाहीतर गावच्या जत्रेत. जत्रेत ती पडते आणि तिथे माणसे दाटीवाटीने बसलेली असतात.

मातीवरचा डोळा, मॅटवरचा गुण

काही वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला मी माझ्या वडिलांना, सासऱ्यांना आणि पीयूसीला शिकणाऱ्या मुलाला घेऊन गेले. दोघे व्याही पूर्वी आखाड्यात उतरलेले. सभागृहात शिरताच वडिलांचा पहिला प्रश्न, “हलगी कुठं हाय?” हलगी नव्हती. निळी-लाल जर्सी, नऊ मीटरचे वर्तुळ, घड्याळ आणि शिट्टी होती.

आमच्या महाविद्यालयाचा मुलगा निळ्या जर्सीत होता. वडील नातवाला म्हणाले, “बघ आता, तेनं डावा पाय पुढं टाकलाय. पट निघणार.” दोन सेकंदांत पट निघाला. मुलगा ओरडला, “आजोबा, दोन गुण!” वडील गोंधळले. “पाठ कुठं लागली?” नातू म्हणाला, “पाठ लागायला नको. खाली घेऊन मागून कब्जा केला की दोन.” पुढची पाच मिनिटे मी कुस्ती थोडी आणि या दोघांना जास्त पाहिले. आजोबांना डाव आधी दिसत होता आणि गुण कळत नव्हता. नातवाला गुण कळत होता आणि डाव झाल्यावरच दिसत होता. दोघांचे मिळून एक पूर्ण प्रेक्षक होत होते.

ज्यांच्या घरी असे आजोबा-नातू आहेत, त्यांच्यासाठी चार नियम इथेच सांगून टाकते. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर घालवले तर एक गुण. खाली घेऊन कब्जा केला तर दोन. खाली धरलेल्याची पाठ मॅटकडे वळवून त्याला धोक्याच्या स्थितीत आणले तरी दोन. उभ्याने उचलून थेट धोक्याच्या स्थितीत फेकले तर चार, आणि फेक फारच उंच व देखणी असेल तर पाच. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबते. आणि दोन्ही खांदे टेकले, की मग गुणफलकावर काहीही असो, चितपट म्हणजे चितपट! मातीचा तो जुना कायदा मॅटनेही मोडलेला नाही.

त्या दिवशी शेवटची काही सेकंदे उरली असताना आमचा मुलगा तीन-दोन असा पुढे होता. लाल जर्सीवाल्याने रेटा दिला, आमच्या मुलाचा पाय वर्तुळाबाहेर पडला. तीन-तीन. पंचांनी हात लाल जर्सीवाल्याचा वर केला. वडील म्हणाले, “बरोबरीत सुटली की! ह्यो जिंकला कसा?” गुण समान झाले की आधी मोठ्या गुणाचे डाव कुणाचे जास्त ते पाहतात, मग ताकीद कुणाला कमी ते, आणि तेही सारखे असेल तर शेवटचा गुण ज्याचा तो विजयी. हे नातवाने समजावले. पण तोवर आमच्या महाविद्यालयाची पोरे पंचांच्या नावाने ओरडू लागली होती.

तेव्हा सासरे उठले. कानडीत त्या पोरांना म्हणाले, पंचाला काय विचारता, त्या पोरालाच विचारा की पाय कुठे पडला ते. पोरगा घाम पुसत उभा होता. म्हणाला, “बाहेरच पडला होता, अज्जार.” ओरडा थांबला. सासऱ्यांनी बाहेर पाण्याच्या टाकीजवळ त्याला गाठून हातात शंभराची नोट ठेवली. पाठीवर थाप मारून म्हणाले, “पट भाळ छलो.”

चिडणारे आणि उभे राहणारे

चिडणे प्रेक्षकाचा हक्क आहे. पण माहिती नसताना चिडले की काय होते, ते महाराष्ट्राने जानेवारी २०२३ मध्ये पाहिले. पुण्यातल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती विभागाच्या लढतीत महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखवर बाहेरची टांग लावली आणि पंचांनी चार गुण दिले. सिकंदर खरोखर धोक्याच्या स्थितीत गेला होता का, यावर मोबाइलवर अख्खा महाराष्ट्र पंच झाला. चित्रफीत पुढेमागे करून पाहिली गेली. इथवर ठीक होते. शौकिनांनी अशी चिकित्सा करावीच. पण पुढे पंचांना धमकीचा फोन गेल्याची तक्रार पोलिसांपर्यंत पोहोचली. जातीधर्माच्या गोष्टीही त्यात मिसळल्या गेल्या, आणि त्या गलक्यात मूळ टांग कशी लागली होती हे बाजूलाच राहिले. सिकंदरने त्याच वर्षी नोव्हेंबरात पुन्हा आखाड्यात उतरून महाराष्ट्र केसरीची गदा उचलली. खरे उत्तर तेच होते.

याउलट एक गोष्ट अमेरिकेतल्या महाविद्यालयीन कुस्तीची. तिकडे विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेला मोठाली प्रेक्षागृहे भरतात. डॅन गेबल नावाचा आयोवाचा विद्यार्थी शालेय आणि महाविद्यालयीन मिळून १८१ कुस्त्या ओळीने जिंकला होता. मार्च १९७० मध्ये इव्हन्स्टन इथे महाविद्यालयीन कारकिर्दीतली शेवटची कुस्ती तो लॅरी ओविंग्ज या तुलनेने अपरिचित मुलाकडून १३-११ अशी हरला. बक्षीस समारंभात गेबल दुसऱ्या क्रमांकाच्या पायरीवर खाली मान घालून उभा राहिला, तेव्हा प्रेक्षागृह उठून उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. दोनच वर्षांनी म्युनिच ऑलिंपिकमध्ये त्याने एकही गुण न देता सुवर्णपदक जिंकले. त्या टाळ्यांनी पदक मिळाले असे मी म्हणणार नाही. पण हरलेल्या पोराला मॅटवर परत आणायला काय लागते, ते त्या प्रेक्षकांना माहीत होते.

शंभरावर बैलगाड्या

आपल्याकडे हे नव्हते असे कुणी समजू नये. खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. उंचीने बेताचे, म्हणून महाविद्यालयाच्या वार्षिक स्पर्धेत त्यांना घ्यायला क्रीडाशिक्षक तयार नव्हते. खाशाबांनी थेट प्राचार्यांना गाठून परवानगी मिळवली आणि आपल्यापेक्षा दांडग्या मल्लांना लोळवले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने हे वाक्य सावकाश वाचावे.

खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेव्हा त्यांच्या गोळेश्वर गावाकडे निघालेल्या मिरवणुकीत शंभरावर बैलगाड्या होत्या. त्या गाड्यांत बसलेल्या किती जणांनी हेलसिंकी नकाशावर पाहिले असेल? पण पैलवान आणि त्याची मेहनत त्यांनी पाहिलेली होती.

पदक नसले तरी माणसे येतात, हेही आपण पाहिले. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि वजन १०० ग्रॅम जास्त भरल्याने अपात्र ठरली. ती रिकाम्या हाताने दिल्लीत उतरली तेव्हा स्वागताला लोटलेली गर्दी पदकाची नव्हतीच. आदल्या दिवशी लागोपाठ तीन कुस्त्या जिंकलेल्या मुलीसाठी ती माणसे आली होती.

बाकावरची आई

महिलांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये २००४ साली आली. आमच्या महाविद्यालयात ती यायला आणखी काही वर्षे गेली. मॅटने एक उपकार नक्की केला आहे. उघड्या मैदानाच्या उतरणीवर ज्या बायका कधी बसल्या नाहीत, त्या सभागृहाच्या बाकावर येऊन बसतात. मुलीची कुस्ती सुरू झाली की पहिले मिनिटभर आई पदर तोंडाला लावून बसते. ती ओरडत नाही. तिला फक्त मुलीचा हात मुरगळेल की काय एवढीच भीती असते. दुसऱ्या-तिसऱ्या स्पर्धेपर्यंत तीच आई उभी राहून “मान सोडव, मान!” म्हणून सांगत असते. आमच्या एका खेळाडूची आई अर्धे वाक्य मराठीत आणि अर्धे कानडीत ओरडते. मुलीला दोन्ही कळते, प्रतिस्पर्धी मुलीला आणि तिच्या आईलाही कळते. त्यामुळे गुपित काहीच राहत नाही आणि पुष्कळदा दोघी आया कुस्ती संपल्यावर एकाच डब्यातले खातात.

रिकाम्या खुर्च्या

आता मुद्द्याची गोष्ट. यात्रेच्या मैदानाला पाय ठेवायला जागा नसते आणि त्याच पैलवान पोराच्या महाविद्यालयीन लढतीला समोर वीस-पंचवीस माणसे असतात. त्यातही निम्मी पुढच्या वजनगटातली, आपली पाळी कधी येते म्हणून बसलेली. वर्गमित्र येत नाहीत, प्राध्यापक क्वचित येतात, घरच्यांना तारीखच माहीत नसते.

पाण्याच्या टाकीजवळ ज्याच्या हातात शंभराची नोट पडली, तो मुलगा पुढच्या वर्षी संघात आला नाही. उद्यमबागेत एका फाउंड्रीत त्याने काम धरले होते. दूध-बदामाचा खर्च घरच्यांना झेपत नव्हता, हे एक कारण होतेच. पण तो दुसरेही एक बोलला. “मॅडम, गावच्या मैदानात हरलो तरी चार माणसं पाठीवर हात ठेवतात. इथं जिंकलो तरी कुणाला कळत नाही. त्या दिवशी अज्जांनी तेवढा ठेवला.”

पैलवान नुसत्या खुराकावर जगत नाही. खुराकाची सोय सरकारने, विद्यापीठाने, संघटनांनी करावी आणि त्यासाठी आपण त्यांच्या मागे लागावे. पाठीवरचा हात मात्र आपल्यालाच ठेवावा लागेल, त्याला अनुदान मिळत नाही. पोलीस, लष्कर, रेल्वे यांच्या भरतीत खेळाडूंसाठी जागा असतात आणि तिथवर जाण्याची वाट विद्यापीठाच्या मॅटवरून जाते. गावच्या मैदानात नाव कमावलेली मुले ही वाट अर्ध्यावर सोडतात, तेव्हा नुकसान फक्त त्या मुलाचे नसते.

त्यासाठी फार काही करायला नको. महाविद्यालयांनी स्पर्धेची तारीख कचेरीच्या फलकाबरोबरच गावच्या तालमीच्या दारावर, दोन्ही भाषांत लावावी. निवेदकाने गुण कोणत्या डावावर मिळाला ते मराठीत आणि कानडीत सांगावे, म्हणजे जुन्या शौकिनाला परके वाटणार नाही. सभागृहाच्या दाराशी हलगी वाजली तर कुठल्याही नियमाचा भंग होत नाही. आणि घरच्यांनी एक करावे. आजोबांना आणि नातवाला शेजारी शेजारी बसवावे. एकाने डाव सांगावा, दुसऱ्याने गुण सांगावा.

या स्पर्धा बहुतेक पहिल्या सत्रात असतात, पाहायला तिकीट लागत नाही, आणि बसायला भरपूर जागा असते. यंदा ती थोडी कमी पडू द्या.